टाकीतला गाळ आणि गोदावरी

सेप्टिक टाकीवरची फरशी पहारीने उचलली की आधी दिसतो काळपट, सुकत आलेला थर. बांबूने तो फोडला की खाली गढूळ पाणी लागतं आणि त्याच्याही खाली, तळाशी, डांबरासारखा घट्ट गाळ. बांबू वर काढून त्यावरचा काळा पट्टा पाहिला की टाकी किती भरली ते लगेच कळतं.

जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावांत मैल्याचा पहिला मुक्काम हाच. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पक्की घरं वाढली, घरोघरी शौचालय आलं. पण एवढ्या गावांना भुयारी गटार सहसा नसते. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी थेट उघड्या नालीत जातं, शौचालयाचं टाकीतून. पुढे नाली ओढ्याला मिळते आणि ओढ्याची वाट गोदावरीकडे जाते.

उपसणारी गाडी आली की पाइप आत सोडून पंप सुरू करतात. आधी पाणी झपाट्याने ओढलं जातं. गाळ मात्र जागचा हलत नाही. मग पाण्याचा जोरदार फवारा मारून, ढवळून तो सैल करावा लागतो. गाळ चढायला लागला की पाइप जड होतो, थरथरतो. हे सगळं वरूनच करायचं. आतल्या विषारी वायूने माणूस दोन-चार श्वासांत कोसळू शकतो, म्हणून संरक्षक साधनांशिवाय कुणालाही टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

टाकीचं काम साधं आहे: पाणी दिवसभर तरी थांबवायचं, म्हणजे जड घाण तळाशी बसते. गाळ वाढला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही. आलेला मैला तसाच नालीत जातो. घरात बराच काळ काहीच तुंबत नाही, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही. म्हणूनच दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी असं तज्ज्ञ सांगतात. प्रत्यक्षात ती तुंबल्यावरच उघडली जाते.

आणि उपसलेली गाडी जाते कुठे? ओढ्यात रिकामी झाली तर कित्येक वर्षांची साठलेली घाण पाण्याला एका दुपारी मिळते. तीर्थपुरीच्या परिसरात हे जास्त घातक आहे. पैठणला जायकवाडीत पाणी अडलेलं, खाली जोगलादेवीसारखे बंधारे. पावसाळा सरला की गोदावरी इथे वाहत नाही, साचून राहते. साचलेल्या पाण्यात घाण पुढे सरकत नाही, तिथेच कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. ही भूक मोजायला नमुना 27 अंश तापमानात 3 दिवस ठेवतात. आंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा आहे लिटरला 3 मिलिग्रॅम. सांडपाण्यात ही भूक सहज दोन-अडीचशेवर जाते, टाकीच्या गाळात हजारांवर.

यावरचा उपाय महाराष्ट्रातच झालेला आहे. कृष्णाकाठच्या वाईने आणि गोदावरी खोऱ्यातल्या सिन्नरने टाक्या तुंबायची वाट न पाहता वॉर्डवार, ठरल्या वेळी उपसायला सुरुवात केली आणि गाळासाठी स्वतंत्र प्रक्रिया केंद्रं उभारली. वाळवण्याच्या वाफ्यांची रचना गावालाही झेपणारी असते: खाली खडी, वर वाळू, त्यावर गाळाचा पातळ थर. पाणी झिरपून खाली जातं, त्यावर पुढची प्रक्रिया होते. उन्हाने गाळाला भेगा पडतात आणि मग तो फावड्याने खरवडता येतो. जंतांची अंडी मात्र वाळूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. त्यामुळे नीट कुजवल्याशिवाय किंवा उष्णता दिल्याशिवाय तो शेतात टाकू नये. जालन्याचं ऊन गाळ वाळवायच्या कामाला उत्तम आहे.

नदी वाचवायची म्हणजे आधी कोट्यवधींचा मोठा प्रकल्पच हवा, असं नाही. कुणाची टाकी कधी उपसली याची नोंदवही, घरपट्टीबरोबर थोडा स्वच्छता कर, ओढ्यापासून दूर वाफ्यांसाठी जागा आणि प्रत्येक गाडी तिथेच रिकामी होते की नाही यावर देखरेख, एवढ्यापासून सुरुवात होते. घरपट्टी भरायला नगरपंचायतीत जाल तेव्हा या चार गोष्टी विचारा, आणि घरी आपल्या टाकीची फरशी शेवटची कधी उचलली होती तेही.