न उडणारा फोटो : टाइल, पांढरा रंग आणि लेझर

आज सुरुवात स्वयंपाकघरातून करू. घरात आजीच्या किंवा आईच्या काळातलं एखादं पितळी पातेलं असेल, तर ते उलटं करून बघा. काठाजवळ टिंबाटिंबांनी घातलेलं नाव असेल, बहुधा तारीखही. भांड्यांच्या दुकानात "नाव घालून द्या" म्हटलं की दुकानदार हे काम करून देई, आधी छिन्नी-हातोडीनं, पुढे विजेच्या पेनानं. त्या पातेल्यावर पन्नास वर्षं राख, चिंच, नारळाची शेंडी असं सगळं घासलं गेलंय, तरी नाव वाचता येतं. कारण ते नाव भांड्यावर चिकटवलेलं नाही, भांड्यातच आहे. आपल्या आजच्या विषयाचं सगळं मर्म एवढंच आहे. बाकी साहित्य, खर्च आणि चुका.

मी या नादाला लागलो त्याचं कारण सांगतो. निवृत्तीनंतर मी जयपूरला स्थायिक झालो. इथून उत्तरेला झुंझुनू जिल्हा. शेखावाटीचा हा भाग सैनिकांचा, आणि गावोगावी शहीद जवानांची स्मारकं आहेत. माझ्या कंपनीतल्या एका हवालदाराचा चौथरा तिथल्याच एका गावात आहे. पुतळा नाही, साधा चौथरा आणि त्यावर फोटो. तीन वर्षांपूर्वी मी गेलो तेव्हा तो फोटो कोरा होता. म्हणजे काच होती, चौकट होती, पण आतला माणूस उडून गेलेला. आधी पिवळा, मग निळसर, मग काहीच नाही. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "साब, हर दूसरे साल नया लगाती हूँ. ये फिर चले जाते हैं."

फोटो जातो असं त्या म्हणाल्या नाहीत, 'ये' चले जाते हैं म्हणाल्या. मी परतीच्या वाटेवर गाडीत फारसं बोललो नाही.

फोटो का उडतो? छापील फोटोतले रंग सेंद्रिय असतात. उन्हातले अतिनील किरण त्यांचे रेणू तोडतात. वर प्लास्टिक लावा, काच लावा, थोडे महिने वाढतात इतकंच. राजस्थानच्या उन्हापुढे टिकायचं तर रंग खनिज हवा आणि तो काचेत किंवा दगडात शिरलेला हवा.

ही युक्ती जयपूरला कोणी शिकवायला नको. इथली ब्लू पॉटरी तुम्ही पाहिली असेल. तिचा लगदा साध्या मातीचा नसतो. क्वार्ट्झची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक असा तो मसाला. निळ्यासाठी कोबाल्ट ऑक्साइड, फिरोजीसाठी तांब्याचं ऑक्साइड. नक्षी काढून वर काचेचा लेप देतात आणि भट्टीत एकदाच भाजतात, सुमारे ८०० अंशांना. रंग काचेखाली बंद होतो. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ बुडाली होती. कृपालसिंह शेखावत यांनी तिला पुन्हा उभं केलं आणि १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फोटोच्या बाबतीत हेच काम फ्रान्समध्ये फार आधी झालं. १८५४ मध्ये बुलो आणि कातँ या दोघांनी चिनी मातीवर फोटो भाजून पक्का करण्याचं पेटंट घेतलं. युरोपातल्या कबरींवर असे अंडाकृती फोटो आजही दिसतात.

पण माझ्याकडे भट्टी नाही, आणि एका फोटोसाठी भट्टी लावणं परवडतही नाही. माझ्याकडे आहे ते टेबलावर मावणारं लहान लेझर मशीन, निळ्या प्रकाशाचं, ५ वॉटचं. ५ वॉट म्हणजे घरातल्या छोट्या एलईडी दिव्याइतकी वीज, मग यानं काय होणार? हिशोब करू. ते ५ वॉट एक दशांश मिलिमीटरच्या ठिपक्यात एकवटतात. त्या ठिपक्यावर भरदुपारच्या उन्हाच्या साधारण ६ लाख पट तीव्रता पडते. म्हणजे ही भट्टीच आहे, फक्त सुईच्या टोकाएवढी आणि सरकती.

इथं एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. कारखान्यांत कापायला आणि कोरायला जे कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात, त्याचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी लावला. हे पटेल जन्मले बारामतीला आणि इंजिनिअर झाले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. बारामती म्हटलं की आपल्याला भलतंच काही आठवतं, हेही आठवत जा.

आता अडचण. कोऱ्या पांढऱ्या टाइलवर निळं लेझर कितीही फिरवा, काही उमटत नाही. वरचा ग्लेझ म्हणजे काच. निळा प्रकाश काचेतून आरपार जातो आणि खालच्या पांढऱ्यावरून परततो. उष्णता साठतच नाही. म्हणून मध्ये असं काहीतरी लावायचं, जे प्रकाश पकडेल, तापेल आणि ग्लेझमध्ये मिसळून काळं होईल. जगभरचे हौशी लोक यासाठी टाइलला पांढरा रंग लावतात. पांढरा लावून काळं उमटतं हे मला आधी पटलं नव्हतं.

मी फौजी माणूस, म्हटलं सगळ्यांची परेड घेऊ. एका टाइलचे चौकोन पाडले आणि घरात, बाजारात जे पांढरं मिळेल ते लावलं. चुना : काही नाही, धुतल्यावर टाइल कोरी. साधं डिस्टेंपर : पुसट करडी सावली. खडूची पूड डिंकात कालवून : काही नाही. कागदावरची चूक झाकायचा व्हाइटनर : चक्क काळा! पांढरा ऑइल पेंट पातळ करून : काळा. मॅट पांढरा स्प्रे : सगळ्यात एकसारखा काळा. टूथपेस्टही लावून पाहिली. ती वाळून तडकली, आणि घरातून जे ऐकायला मिळालं ते इथं सांगत नाही.

निकाल नीट पाहिला तर उत्तर समोरच होतं. चुना आणि खडू कॅल्शियमचे, आणि साध्या डिस्टेंपरमध्येही खडूच जास्त. व्हाइटनर, ऑइल पेंट आणि स्प्रे यांना पांढरेपणा देतं टायटॅनियम डायऑक्साइड. लेझरच्या आचेत त्याचा थोडा ऑक्सिजन सुटतो आणि ते पांढऱ्याचं निळसर काळं होतं. त्याच क्षणी खालचा ग्लेझ वितळतो आणि ते काळं त्यात अडकून गोठतं. काम टायटॅनियमचं आहे, पांढरेपणाचं नाही. हे कळलं आणि माझा खर्च उतरला, कारण टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी रंगांच्या घाऊक दुकानात सुटी मिळते. पाण्यात कालवा, पांढऱ्या गोंदाचे चार थेंब घाला आणि स्पंजच्या रोलरनं लावा. स्प्रेच्या डब्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. मात्र भुकटी कालवताना मास्क लावा, ती फुप्फुसात जायला नको.

थर किती? इथं मी सर्वाधिक टाइली वाया घालवल्या. भिंत रंगवतो तसा जाड थर दिला की वरचा रंग जळतो आणि आच ग्लेझपर्यंत पोचत नाही. धुतल्यावर चित्राचे तुकडे निघून येतात. पातळ दिला की चित्र तपकिरी येतं. माझी खूण अशी : टाइलखाली छापील कागद असता तर अक्षरं जेमतेम दिसली असती, इतका. टाइल आधी भांड्याच्या साबणानं धुऊन स्पिरिटनं पुसा. बोटाचा ठसा राहिला तर तो फोटोत येतो, माझा एकदा बरोबर कपाळावर आला. आणि स्प्रे असेल तर पूर्ण वाळू द्या. ओल्या थिनरवर लेझर म्हणजे आग.

मग फोटोची तयारी. लेझरला करडा रंग ठाऊक नाही, ठिपका काळा किंवा ठिपका नाही. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरा, तिथंही नुसते ठिपकेच असतात, दाट आणि विरळ. संगणकावर फोटोचे असे ठिपके करून घ्यायचे, याला डिथरिंग म्हणतात. मी मिलिमीटरला १० ओळी ठेवतो. त्याहून दाट केल्या की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चेहरा काळवंडतो. सावल्या आधी थोड्या उजळून घ्या, कारण टाइलवर सगळं एक पायरी गडद येतं.

वेळेचा अंदाज असू द्या. १५ बाय २० सेंटिमीटरचा फोटो म्हणजे २००० ओळी. मिनिटाला १५०० मिलिमीटर वेगानं एका ओळीला ६ सेकंद, म्हणजे एकूण ३ तास २० मिनिटं. एवढा वेळ मशीनजवळ बसायचं. सोडून जेवायला जायचं नाही. संत्री ड्यूटीसारखं समजा.

जयपूरला असून संगमरवर का नाही, असं मला दर वेळी विचारतात. मकराण्याच्या संगमरवरावर मी करून पाहिलं. तो कॅल्शियम कार्बोनेट, वितळत नाही, तापून त्याची पांढरी पूड होते. पांढऱ्यावर पांढरं, दिसणार काय? काळा ग्रॅनाइट मात्र उत्तम. आचेनं त्याचा पृष्ठभाग बारीक फुटतो आणि करडा-पांढरा दिसतो. तिथं फोटो उलटा द्यावा लागतो, म्हणजे निगेटिव्ह. या शहरात निगेटिव्हची परंपरा जुनी आहे. इथले महाराजा सवाई रामसिंह दुसरे स्वतः फोटोग्राफर होते, त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह सिटी पॅलेसच्या संग्रहालयात आहेत. पण चांगली ग्रॅनाइटची पाटी टाइलच्या कैक पट महाग, म्हणून मी टाइलवरच राहिलो.

स्टीलबद्दल थोडक्यात. त्यासाठीचं तयार मार्किंग रसायन परदेशी आणि फार महाग आहे. त्याला स्वस्त पर्याय मोलिब्डेनम डायसल्फाइड. फौजेत गाड्यांच्या ग्रीसमध्ये हे काळं द्रव्य आम्ही वर्षानुवर्षं पाहिलं. त्याचा कोरडा स्प्रे मिळतो. स्टीलवर फवारा, वाळवा, लेझर द्या, उरलेलं पुसून टाका. कार्बन डायऑक्साइड लेझरवर हे छान चालतं, माझ्या लहान मशीनवर फार हळू. त्यावर स्वतंत्र भाग करू.

दोन ताकीद. एक, रेक्झिन आणि पीव्हीसीला लेझर कधीही लावू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो तुमची छाती आणि मशीन दोन्ही खातो. दोन, चष्मा मशीनच्या किरणासाठीच बनवलेला हवा. माझ्या मशीनला ४५० नॅनोमीटरचा लागतो. उन्हाचा काळा चष्मा घालून बसू नका. डोळा एकदाच मिळतो आणि परावर्तित किरणही पुरतो. धूर बाहेर काढणारा पंखा हवाच.

आता कसोटी. पहिली चांगली टाइल मी कोणाला दिली नाही. थिनरनं रंग उतरवला, मग तारेच्या काथ्यानं घासली, लिंबू लावलं, बाथरूम साफ करायचं ॲसिड लावलं. नंतर अर्धी टाइल पत्र्यानं झाकून गच्चीवर ठेवली, दोन मे महिने आणि मधला सगळा पावसाळा-हिवाळा. शेजारी तुलनेला एक छापील फोटो. छापील फोटो पहिल्याच पावसाळ्याआधी गेला. दोन वर्षांनी पत्रा काढला तेव्हा टाइलच्या दोन अर्ध्या भागांत मला फरक सापडला नाही. नातवाला विचारलं, त्यालाही नाही.

मग हवालदारांचा फोटो केला. मूळ फोटो ओळखपत्रावरचा, नखाएवढा. मोठा केल्यावर मिशांचा नुसता काळा पट्टा झाला. तीन टाइली मिशांपायी गेल्या, चौथीला केस सुटे दिसले. टाइल ३५ रुपयांची, रंग दहा-पंधरा रुपयांचा, वीज किरकोळ. खाली नाव, नंबर, हुद्दा. बसवताना मागे मोकळी जागा राहू दिली नाही. पाणी शिरून थंडीत टाइल तडकते, म्हणून पूर्ण पाठीला सिमेंटचा चिकट मसाला लावला.

त्यांच्या पत्नींनी आधी पदरानं टाइल पुसली. मग आत जाऊन चुलीतली राख आणि ओला चिंधा घेऊन आल्या आणि भांडं घासतात तशी जोर लावून घासली. मी काही बोललो नाही. पाणी ओतलं, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मूँछ ठीक आई है."