काट्यावरची बॅग

मुंबईहून अमेरिका-युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यामुळे रात्री चेक-इनच्या रांगेत उभी असलेली माणसं दिवसभराच्या बांधाबांधीने आधीच दमलेली असतात. काउंटरच्या अलीकडे फरशीवर बॅगा उघडून बसलेलं एखादं कुटुंब हमखास दिसतं. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईने काय काय घेतलंय, ते तिथे परक्यांनाही दिसतं: डिंक, अळीव, भाजणी, मेतकूट, जुन्या मऊ साड्यांची शिवलेली दुपटी. चार लोकांदेखत हे असं उघडं पडणं मला बघवत नाही.

एक बॅग २४.५ किलो, दुसरी २१. तिकिटावर प्रत्येकी २३ किलोच्या दोन.

“दोन्ही मिळून बसतंय की,” काका म्हणतात.

“प्रत्येक बॅग वेगळी धरतात काका. दीड किलो यातलं त्यात टाका.”

काउंटरवरची मुलगी याहून जास्त बोलत नाही. मागे रांग खोळंबलेली असते. पण या नियमाला सबळ कारण आहे, आणि ते कुणी सांगत नाही म्हणूनच तो जाच वाटतो. पट्ट्यावरून बॅग दिसेनाशी झाली की पुढचं सगळं यंत्रं करतात, असा आपला समज. प्रत्यक्षात तिला पुन्हा माणसाचे हात लागतात. मोठ्या विमानासाठी लोडर ती उचलून कंटेनरमध्ये रचतो. लहान विमानाच्या पोटात तर ताठ उभंही राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून बॅगा आत सरकवाव्या लागतात. त्या माणसाला दोन बॅगांच्या बेरजेचा काय उपयोग? त्याच्या कमरेवर येतो तो एका वेळी एकाच बॅगेचा भार. बहुतेक कंपन्या ३२ किलोच्या वरची बॅग जादा पैसे दिले तरी घेत नाहीत, तेही याचसाठी. हे एका वाक्यात सांगितलं तर काका वाद घालणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

खोबऱ्याचं दुःख वेगळं. डिंकाच्या लाडवांसाठी घेतलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. घरात वर्षभर डब्यात राहणाऱ्या खोबऱ्याचा कसला धोका, असं कुणालाही वाटेल. पण त्यात तेल भरपूर असतं, आणि धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला १३६३ हा स्वतंत्र क्रमांक आहे. वर्ग आहे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांचा. जहाजांतून पोत्यांनी जाणारं खोबरं आतल्या आत तापतं, हे व्यापाराला जुनं ठाऊक आहे. बॅगेत ते कपड्यांच्या घड्यांत दडपलेलं असतं, आणि तिथे ते पाहायला कुणी नसतं.

वजन जमलं, टॅग लागला, बॅग गेली. तरी सुटका होतेच असं नाही. आतल्या क्षकिरण तपासणीत पॉवर बँक दिसली की बॅग बाजूला काढतात आणि प्रवाशाला बोलावणं येतं. लिथियमची सुटी बॅटरी पेटली तर केबिनमध्ये निदान कुणाच्या लक्षात येते आणि विझवता येते. म्हणून ती हातातल्या सामानातच हवी. नाव पुकारलं जाताच उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा पाहावा. आपण काही गुन्हा केला, अशा समजुतीने तो किल्ली शोधत निघतो.

या सगळ्यात जाच नियमांचा कमी, ते कळण्याच्या वेळेचा जास्त. तिकिटासोबत इंग्रजीत बारीक अक्षरांची पानंच्या पानं येतात. त्यात या तीन गोष्टी, कारणांसकट, ठळक मराठीत छापायला कितीशी जागा लागेल? आणि रांगेच्या तोंडाशी एक वजनकाटा हवा, कुणीही न विचारता बॅग ठेवावी असा. दीड किलो इकडचं तिकडे करायचंच आहे, तर ते काउंटरला पोचायच्या आधी, जरा आडोशाला करता येईल.