बॅटवरचं स्टिकर

रत्नागिरीतल्या एका शाळेत मी बरीच वर्षं खेळाचा तास घेतला. निवृत्त झालो, तरी संध्याकाळी मारुती मंदिराजवळच्या शिवाजी स्टेडियमवर फेरी मारायची सवय सुटलेली नाही. अशाच एका संध्याकाळी आठवी-नववीतली पाच-सहा मुलं वाद घालत बसली होती. एका नामवंत खेळाडूचं मैदानाबाहेरचं काही प्रकरण त्या दिवशी पेपरात आलं होतं. मला पाहून त्यातल्या एकानं विचारलं, "सर, तो सेंच्युरी मारतो ना? मग बाहेर काय करतो, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

"चुकीचं ते चुकीचंच रे," असं काहीतरी गुळमुळीत बोलून मी सुटलो. घरी आलो, पण चैन पडेना. मुलाचा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. श्रोतेहो, त्याला तेव्हा न दिलेलं उत्तर आज द्यायचा प्रयत्न करतो.

या मुलाचंच म्हणणं अमेरिकेतल्या एका मोठ्या खेळाडूनं फार पूर्वी मांडलं होतं. चार्ल्स बार्कली हा बास्केटबॉलपटू १९९३ साली एका जाहिरातीत म्हणाला, की मी कुणाचा आदर्श नाही. मुलांना वळण लावणं हे आईबापांचं काम आहे. त्यावर तिकडे मोठं वादळ उठलं. मला विचाराल तर त्याचं निम्मं म्हणणं पटतं. आपल्या घरातलं काम आपण टीव्हीवरच्या माणसावर ढकलू नये. पण गंमत अशी, की बार्कलीची ती जाहिरात बुटांची होती. मी आदर्श नाही म्हणायचं, आणि माझ्या नावावर बूट मात्र खपवायचे! त्याचं उरलेलं निम्मं म्हणणं इथंच लंगडं पडतं.

तेव्हा खेळाडूच्या मैदानाबाहेरच्या वागण्याचे तीन भाग करून पाहू. पहिला घरचा, दुसरा संघाचा आणि तिसरा बाजारचा.

घरचा भाग सोपा आहे. कोण कुणाशी लग्न करतो, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण देवळात जातो आणि कोण जात नाही, ही चौकशी आपली नव्हे. कायदा मोडला तर पोलीस आहेत, न्यायालय आहे. बाकी खेळाडूच्या घराच्या खिडकीतून डोकावण्याचा हक्क तिकिटाच्या पैशात मिळत नाही.

संघाचा भाग वेगळा. देशाची टोपी घातली, की तिच्याबरोबर नियमही येतात. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल एका टीव्ही कार्यक्रमात गप्पा मारायला गेले. तिथं पंड्या स्त्रियांविषयी जे बोलला, त्यावर देशभर संताप उसळला. दोघांनाही ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावून निलंबित केलं. पुढं क्रिकेट मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाख रुपये भरायला सांगितले. त्यातले दहा लाख कर्तव्यावर मृत्यू आलेल्या निमलष्करी दलातल्या दहा जवानांच्या कुटुंबांना, प्रत्येकी एक लाख. उरलेले दहा लाख अंध क्रिकेटपटूंसाठी. मला ही शिक्षा शहाणपणाची वाटली. कारकीर्द मोडली नाही, पण तोंडातून निघालेल्या शब्दाला किंमत असते हे दाखवलं.

त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण आपल्या विरारच्या पृथ्वी शॉचं. खोकल्याच्या औषधात सापडणारं टर्ब्युटॅलीन हे बंदी असलेलं द्रव्य त्याच्या चाचणीत आढळलं. कामगिरी वाढवायचा हेतू नव्हता, हे मंडळानं मान्य केलं. तरीही आठ महिन्यांची बंदी लागली. वयाच्या विसाव्या वर्षाच्या आतला मुलगा, साधा खोकला, आणि एवढी शिक्षा? पण उत्तेजकांचा नियम असाच आहे. शरीरात काय जातं याची जबाबदारी खेळाडूची. ड्रेसिंग रूमच्या बाहेर, घरी घेतलेल्या एका चमचाभर औषधालाही तो नियम लागू होतो.

आता तिसरा भाग, बाजारचा. मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथं सापडतं, आणि त्यासाठी सचिन तेंडुलकरकडे वळायला हवं.

१९९६ चा विश्वचषक आठवा. स्पर्धेचं नावच सिगारेटच्या छापावरून 'विल्स वर्ल्ड कप' असं होतं. त्या स्पर्धेत सर्वांत जास्त, ५२३ धावा सचिनच्या. आणि त्याच्या बॅटवर कुणाचंही स्टिकर नव्हतं. तंबाखूवाल्या कंपन्या त्या काळी बॅटवरच्या चार बोटं जागेसाठी भरपूर पैसे मोजायला तयार असत. सचिननं पुढं अनेकदा सांगितलं आहे, की तंबाखू आणि दारूची जाहिरात करणार नाही, असा शब्द त्यानं वडिलांना दिला होता. वडील म्हणजे मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर. पुष्कळ मुलं तुझं अनुकरण करतील, ही जाणीव त्यांनी मुलाला करून दिली होती. तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा २००३ साली आला. सचिन त्याच्या सात वर्षं आधी कोऱ्या बॅटनं खेळत होता.

पण माणूस कितीही मोठा असला, तरी सगळे चेंडू सारखे खेळत नाही. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये सचिनला फेरारी गाडी भेट मिळाली. तिच्यावरचं एक कोटीहून अधिक आयात शुल्क केंद्र सरकारनं माफ केलं. लोक चिडले, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि शेवटी गाडी देणाऱ्या कंपनीनं शुल्क भरलं. सामान्य माणूस विचारत होता, की माझ्या स्कूटरवरचा कर कुणी माफ करतं का?

पुढची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी. २०२० मध्ये सचिन पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या एका कंपनीचा चेहरा झाला. तेव्हा ते बेकायदा नव्हतं. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये आमदार बच्चू कडू यांनी वांद्र्याला त्याच्या घरासमोर आंदोलन केलं. भारतरत्नानं अशी जाहिरात करावी का, हा त्यांचा सवाल होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. म्हणजे १९९६ साली कायद्याच्या पुढं चाललेला माणूस इथं मागं राहिला. हे मी त्याला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. कोऱ्या बॅटीनं त्यानंच आम्हाला मोजपट्टी दिली, आणि त्याच पट्टीनं आम्ही त्याला मोजतो, एवढंच.

आता कायदाही थोडा जागा झालाय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. वर एक ते तीन वर्षं जाहिराती करायला मनाईही होऊ शकते. वस्तूची नीट चौकशी केली होती, हे दाखवलं तरच सुटका. पण पळवाटा उरतातच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याच छापाची वेलची विकायला नामवंत माजी क्रिकेटपटू पडद्यावर येतात. पानटपरीवर उभ्या असलेल्या पोराला वेलची दिसत नाही, छाप दिसतो. २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी क्रिकेट मंडळाला पत्र लिहून अशा आडवाटेच्या जाहिराती थांबवायची विनंती केली, ती याचसाठी.

जाहिरातीचं युग येण्यापूर्वीचा एक पैलवान इथं आठवतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर या माणसानं काय केलं? कुस्त्यांची मैदानं घेतली, कुस्त्या मारल्या आणि त्या पैशातून ते ऋण फेडलं. त्यांच्याकडे विकायला चेहरा नव्हता, पण कुणाच्या विश्वासावर आपण उभे आहोत, हे त्यांना ठाऊक होतं.

तर त्या मुलाला माझं उत्तर असं. बाळा, तो घरी काय करतो, हे आपल्याला खरंच काय करायचंय? पण तू त्याच्यावर जो विश्वास टाकलास, तो विश्वास तो जेव्हा दुसऱ्याला विकतो, तेव्हा त्यात तुझाही वाटा असतो. त्या सौद्याचा हिशेब मागायचा तुला हक्क आहे. त्याच्याकडून कव्हर ड्राइव्ह शीक. वस्तू मात्र स्वतः पारखून घे.

आणि आपण मोठ्यांनी? मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, वाडीवाडीत ओव्हरआर्मच्या स्पर्धा रंगतात. तिथं अंपायरला शिवी देणारा कॅप्टन, सामना संपल्यावर बाटली उघडणारा ओपनर, आणि बाउंड्रीबाहेर बसून मोबाइलवर टीम लावणारा काका, हे सगळे त्या आठवीतल्या पोराला सचिनपेक्षा जवळून दिसतात. त्यांच्याशी कुणी करार केलेला नाही, त्यांना दंड करणारा लोकपालही नाही. स्पर्धेच्या बॅनरवर कुणाचं नाव छापायचं, हे मात्र वाडीच्या मंडळाच्याच हातात आहे. येत्या मे महिन्यात बॅनर छापायला टाकण्यापूर्वी ती कोरी बॅट एकदा आठवून पाहावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)