मंद व वेगवान वायुप्रवाहांचे संगणकीय गणित

दादरा व नगर हवेलीतील सिल्वासानजीकच्या राखोली परिसरात कापड व कृत्रिम धाग्याचे उद्योग वसले आहेत. कृत्रिम धाग्याचे तंतू परस्परांत गुंतवून धागा एकजीव करण्यासाठी दाबाखालील हवेचा झोत वापरण्याची पद्धत आहे. कॉम्प्रेसरपासून यंत्रापर्यंतच्या नळात ही हवा सामान्यतः सेकंदाला १० मीटर किंवा त्याहून कमी वेगाने वाहते. नोझलच्या अरुंद छिद्रात मात्र तिचा वेग ध्वनीच्या वेगाइतका, म्हणजे सेकंदाला ३०० मीटरहून अधिक होऊ शकतो. हवा दाबण्यास बरीच वीज खर्ची पडते. त्यामुळे छिद्राचा आकार कसा ठेवल्यास कमी हवेत काम भागेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. छिद्र पाडण्यापूर्वीच त्याचे उत्तर गणिताने कसे काढतात, हे प्रस्तुत लेखात पाहू.

अडचण कोठे येते?

प्रवाहाचा वेग व ध्वनीचा वेग यांच्या गुणोत्तरास माक अंक म्हणतात. तो ०.३ पेक्षा कमी असता हवेच्या घनतेतील बदल साधारणपणे ५ टक्क्यांच्या आत राहतो. नळातील मंद प्रवाहात तर तो दोन हजारांत एका भागाहूनही कमी असतो. याउलट, ध्वनिवेगापलीकडे घनता झपाट्याने बदलते, आणि आघात तरंगापाशी केसाच्या जाडीहूनही कमी अंतरात दाब एकदम चढतो.

वेगवान प्रवाहासाठीच्या रूढ पद्धतींत प्रथम घनता काढून तीवरून दाब ठरवितात. मंद प्रवाहात ही रीत लंगडी पडते. धान्याने भरलेला ट्रक काट्यावर दोनदा तोलून, फरकावरून मूठभर धान्याचे वजन काढण्यासारखाच तो प्रकार होय. घनतेतील सूक्ष्म चूक दाबात मोठी होऊन उमटते.

दाबापासून आरंभ

या क्षेत्रात एका मराठी अभियंत्याचे कार्य मूलभूत मानले जाते. पुण्यात १९४१ साली जन्मलेले डॉ. सुहास पाटणकर हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९६२ चे पदवीधर. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून त्यांनी १९६७ मध्ये डॉक्टरेट मिळविली. ब्रायन स्पॉल्डिंग यांच्यासमवेत त्यांनी १९७२ मध्ये ‘सिंपल’ ही पद्धत प्रसिद्ध केली.

या पद्धतीत प्रवाहाच्या जागेचे लहान लहान कप्पे कल्पितात. प्रत्येक कप्प्यातील दाब प्रथम अंदाजाने धरून त्यावरून वेग काढतात. कप्प्यात आलेले व बाहेर गेलेले वस्तुमान जुळत नसेल, तर त्या तफावतीवरून दाबात दुरुस्ती करतात व तदनुसार वेग सुधारतात. हिशेब जुळेपर्यंत हे चक्र चालते.

मूळ पद्धत घनता स्थिर धरून चालणाऱ्या प्रवाहांस सोयीची होती. सर्व वेगांसाठी तिच्यात एक भर घालावी लागते: दाब बदलला की वेगाबरोबर घनताही बदलते, हे दुरुस्तीच्या समीकरणात समाविष्ट करणे. मंद प्रवाहात वेगाची दुरुस्ती प्रभावी ठरते, तर वेगवान प्रवाहात घनतेची. त्यामुळे नळ व नोझल यांसाठी एकच गणित पुरते. सर्व वेगांना लागू पडणारी एक पद्धत अमेरिकेत हार्लो व ॲम्सडेन यांनी १९७१ मध्ये मांडली होती. पाटणकर यांनी कार्की यांच्यासह १९८९ मध्ये ‘सिंपल’च्या धर्तीवरील पद्धत प्रसिद्ध केली.

घ्यावयाची दक्षता

संगणकाने रेखाटलेले सुबक चित्र म्हणजे अचूक उत्तर नव्हे. कप्पे मोठे असल्यास आघात तरंग पसरट दिसतो. म्हणून कप्पे अधिक बारीक करून उत्तर बदलते काय, हे पाहावे. तसेच प्रत्यक्ष मोजलेल्या दाबाशी व हवेच्या वापराशी ते ताडून पाहावे. या दोन्ही कसोट्यांस उतरलेले गणितच नोझलच्या आराखड्यासाठी आधार म्हणून स्वीकारणे इष्ट होय.