पवईच्या काठावरील गळ आणि तलावाचे आरोग्य

महानगराच्या धकाधकीत माणसाला घटकाभर स्वस्थ बसता यावे अशा ज्या थोड्या जागा मुंबईत उरल्या आहेत, त्यांत पवई तलावाचा काठ ही एक होय. या काठावर बसून गळाने मासे धरण्याचा छंद अनेक वर्षांचा आहे. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळकऱ्यांची संस्था याच तलावाशी निगडित आहे. परंतु गळाने मासे धरणे हा केवळ वेळ घालविण्याचा प्रकार नव्हे. पाण्याखाली काय चालले आहे, याची वार्ता काठावर आणून देणारे ते एक साधे साधनही आहे.

पवई तलाव मानवनिर्मित आहे. मुंबईची तहान भागविण्यासाठी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव पूर्ण झाले. त्यांच्या पाठोपाठ १८९१ मध्ये पवईचा तलाव बांधण्यात आला. तथापि त्याचे पाणी पिण्यास योग्य राहिले नाही आणि पिण्याखेरीज इतर कामांसाठीच त्याचा उपयोग होऊ लागला. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की त्याचे पाणी मिठी नदीला मिळते. एकेकाळी टेकड्या आणि झाडी यांनी वेढलेला हा तलाव आता वसाहती, शिक्षणसंस्था व रहदारीचे रस्ते यांच्या मधोमध आला आहे.

तीन थरांतील मासे

पवईच्या गळकऱ्याचे मुख्य लक्ष्य म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ हे कार्प जातीचे मासे. हे तिघे एकाच पाण्यात राहत असले, तरी त्यांचे अन्न व वावरण्याचे थर निरनिराळे आहेत. कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. तो पृष्ठभागाजवळील सूक्ष्म प्राणिजीवांवर जगतो. रोहू मधल्या थरात वावरतो व वनस्पतिजन्य अन्न पसंत करतो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूस असून तळाशी कुजणारे पदार्थ हा त्याचा आहार होय. म्हणूनच गळ किती खोल सोडावयाचा, हे कोणता मासा हवा यावर अवलंबून असते.

अमेरिकेतील शहरी तलावांवर हौशी लोक कार्पप्रमाणेच बास या शिकारी माशासाठीही गळ टाकतात. बास हा आपल्या तलावांतील मासा नव्हे. आपल्याकडे दबा धरून भक्ष्य पकडणारा मासा म्हणजे मरळ. कणकेच्या गोळीला तो सहसा भुलत नाही. त्याला हलणारे भक्ष्य किंवा त्याचा भास लागतो.

गळ टाकण्याची रीत

काठावरून गळ टाकणाऱ्यास नावेतील माणसाप्रमाणे माशाच्या मागे जाता येत नाही. माशालाच आपल्याकडे बोलवावे लागते. यासाठी भुईमुगाची पेंड व तांदळाचा कोंडा भिजवून त्याचे गोळे निवडलेल्या जागी पाण्यात टाकतात. गळाला कणकेची घट्ट गोळी किंवा गांडूळ लावतात. दोरीवर बांधलेले हलके बूच पाण्यावर तरंगत राहते आणि शिशाचा लहानसा तुकडा आमिषाला खाली नेतो. बूच किंचित थरथरले म्हणजे मासा आमिष चाचपीत आहे असे समजावे; ते पाण्याखाली जाऊ लागले अथवा एका बाजूला सरकू लागले की काठीला झटका द्यावा. मोठा कार्प एकदम ओढून घेता येत नाही. त्याला दोरी देत, पुन्हा गुंडाळीत, दमवूनच काठाशी आणावे लागते.

काठावर शांतता राखण्याची पद्धत आहे, तिलाही शास्त्रीय आधार आहे. कार्प कुळातील माशांमध्ये वाताशय आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. त्यामुळे पाण्यातील कंपने त्यांना चांगली जाणवतात. काठावर पाय आपटले तरी मासा दूर जाऊ शकतो.

बीज सोडल्यावाचून मासा नाही

कटला, रोहू व मृगळ हे मुळात नद्यांतील मासे होत. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात. तलावाच्या संथ पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. त्यामुळे त्यांचे बीज तलावात बाहेरून आणून सोडावे लागते. पूर्वी असे बीज नदीतूनच गोळा करावे लागे व त्यात नको असलेल्या जातींची भेसळ होई. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी व के. एच. अलीकुन्ही यांनी मस्तिष्कग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवून आणण्यात यश मिळविले. त्यामुळे शुद्ध मत्स्यबीज निर्माण करण्याचा मार्ग खुला झाला. या घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

याचा अर्थ असा की, अशा तलावातील प्रत्येक रोहू हा कोणीतरी केलेल्या पेरणीचे पीक आहे. लहान मासा गळाला लागल्यास तो पुन्हा पाण्यात सोडणे, हा म्हणूनच काठावरचा पहिला नियम असला पाहिजे. सोडताना हात ओले करावेत. कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो.

पाणी आणि प्राणवायू

बीज सोडले, तरी ते जगण्यास पाणी चांगले हवे. पाण्यात प्राणवायू मुळातच थोडा विरघळतो. पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस असताना एका लिटरमध्ये तो फार तर साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. सांडपाणी तलावात आले की त्यातील घाण कुजविणारे जिवाणू हा साठा वापरू लागतात. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर जलपर्णी फोफावते. तिचा गालिचा पृष्ठभाग झाकून टाकतो, सूर्यप्रकाश अडवितो आणि हवेतून पाण्यात मिसळणारा प्राणवायूही कमी करतो. पहाटेच्या सुमारास ही टंचाई सर्वाधिक असते. त्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर तो भुकेचा नव्हे, गुदमरण्याचा संकेत समजावा.

अशा पाण्यात सर्वच मासे सारखे तग धरीत नाहीत. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकतो. परदेशातून आलेला तिलापिया हलक्या प्रतीच्या पाण्यातही वाढतो. कटला व रोहू यांना मात्र बरे पाणी लागते. एखाद्या तलावात बीज नियमित सोडूनही गळाला वर्षानुवर्षे केवळ तिलापियाच लागू लागला, तर पाण्याची तपासणी करून घेण्याची वेळ आली आहे असे मानावयास हरकत नाही.

काठ सर्वांचा

तलावाच्या काठावर काय बांधावे, याबद्दलही मतभेद होतात. पवईच्या काठाने बांधण्यात येत असलेला सायकल व चालण्याचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदेशीर ठरविला आणि केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्यास सांगितले. काठावरील चिखल व गवत ही मोकळी पडलेली जमीन नसून तलावाचेच अंग आहे, हे या निमित्ताने ध्यानात घेतले पाहिजे.

गळकऱ्यानेही आपली जबाबदारी ओळखणे अगत्याचे आहे. आवश्यक ती परवानगी घेऊनच गळ टाकावा. पवई तलावात मगरींचे वास्तव्य असल्याने पाण्यात उतरू नये. तुटलेली दोरी व गळ काठावर टाकून दिल्यास त्यांत पक्षी अडकतात. ते गोळा करून सोबत न्यावेत. आमिष व पेंडही बेताचीच वापरावी, कारण न खाल्लेले अन्न तळाशी कुजून पुन्हा प्राणवायूच खाते.

तलावाचे आरोग्य राखण्याचे मोठे काम सांडपाणी अडविणाऱ्या यंत्रणांचे आहे, यात शंका नाही. परंतु पाणी केव्हा बदलले, जलपर्णी कोणत्या बाजूने वाढली, कोणता मासा दिसेनासा झाला, हे तासन्‌तास एकाच जागी बसणाऱ्या माणसाच्या नजरेस आधी पडते. त्याने आपल्या निरीक्षणांची नोंद ठेवली व ती संबंधित कार्यालयाकडे वेळीच पोहोचविली, तर त्याच्या छंदाचा लाभ तलावालाही होईल.