खुळखुळ्या साप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ॲरिझोना हे संस्थान रुक्ष, खडकाळ आणि उंच निवडुंगांनी भरलेले आहे. तेथील फिनिक्स शहराच्या दक्षिणेस डोंगरांची एक रांग असून ती सबंध रांग शहराने उद्यान म्हणून राखून ठेवली आहे. या 'साउथ माउंटन' उद्यानाचा विस्तार सोळा हजार एकरांहून अधिक आहे. सकाळ-संध्याकाळ तेथे असंख्य माणसे फिरावयास येतात. त्यांच्या पायवाटेपासून चार हातांवर, एखाद्या झुडपाच्या सावलीत किंवा दगडाच्या कपारीत, खुळखुळ्या साप वेटोळे घालून बसलेला असतो. पुष्कळदा मनुष्य त्याच्या शेजारून निघून जातो. मनुष्याला सापाची वार्ताही नसते, सापाला मात्र त्याची चाहूल केव्हाच लागलेली असते.

खुळखुळ्या साप केवळ अमेरिका खंडातच आढळतो. कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट अर्जेंटिनापर्यंत त्याच्या निरनिराळ्या जाती पसरल्या आहेत. एकट्या ॲरिझोनात त्यांपैकी तेरा जाती आहेत. दुसऱ्या कोणत्याही संस्थानात इतक्या नाहीत. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी असा साप पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्यांना त्याची भीती वाटली, तसाच एक प्रकारचा आदरही वाटला. इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा, १७७५ साली, क्रिस्टोफर गॅड्सडेन यांनी एक पिवळा ध्वज पुढे आणला. त्यावर वेटोळे घातलेला खुळखुळ्या साप होता आणि खाली आम्हांला तुडवू नका अशा अर्थाचे शब्द होते. आपण होऊन कोणाच्या वाटेस न जाणारा, पण कोणी अंगावर आल्यास आधी बजावणारा प्राणी म्हणून वसाहतवाल्यांना तो जवळचा वाटला. शत्रुत्व पत्करूनही ज्याचा गुण घ्यावा, असे प्राणी थोडेच असतात.

त्याचा खुळखुळा ही मोठी मौजेची रचना आहे. आपली नखे ज्या पदार्थाची बनतात त्याच केराटिन नावाच्या पदार्थाची पोकळ पेरे सापाच्या शेपटीच्या टोकाला एकात एक सैलसर अडकलेली असतात. आत खडे नसतात, की मणी नसतात. शेपटीतील बळकट स्नायू ती पेरे सेकंदाला पन्नासांहून अधिक वेळा हालवितात, आणि पेरावर पेर आपटून तो सुपरिचित आवाज निघतो. पिलाच्या शेपटीला प्रथम एकच बोंडासारखे पेर असते, म्हणून त्याला आवाज करता येत नाही. पुढे साप कात टाकील तेव्हा एकेक पेर वाढते. यावरून पेरे मोजून सापाचे वय सांगता येते अशी समजूत पसरली आहे, ती खरी नाही. साप वर्षातून अनेकदा कात टाकतो, आणि टोकाची जुनी पेरे झिजून तुटूनही जातात.

हा आवाज म्हणजे हल्ल्याची नांदी नव्हे. दूर राहा, एवढेच सापाचे मागणे असते. विष तयार करण्यास शरीराला श्रम पडतात आणि ते भक्ष्यासाठी लागते. जो प्राणी आपल्याला गिळता येण्याजोगा नाही त्याच्यावर ते खर्च करण्यात सापाला काय लाभ? शिवाय एखाद्या जनावराच्या खुराखाली चिरडले जाण्याचे भय निराळेच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की कोणी जवळ येऊ लागले म्हणजे साप खुळखुळ्याचा वेग हळूहळू वाढवितो आणि मग एकदम पुष्कळ वाढवितो. त्यामुळे ऐकणाऱ्याला साप प्रत्यक्षाहून अधिक जवळ आहे असा भास होतो व तो वेळीच थबकतो. आपल्याकडील फुरशाची युक्ती थोडी वेगळी आहे. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि करवतीसारख्या खवल्यांतून करकर आवाज काढते. तिकडे शेपटी वाजते, इकडे अंग वाजते. हेतू मात्र एकच.

परंतु खुळखुळा वाजला नाही म्हणजे साप नाही, असे समजणे घातक होय. मातीच्या रंगात मिसळून निश्चल बसणे हाच या सापाचा पहिला बचाव असतो, आणि तो साधत असेल तर तो आवाज करीतच नाही.

त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंस एकेक खळगा असतो. हा खळगा उष्णता जाणणारे इंद्रिय आहे, हे नोबल आणि श्मिट या शास्त्रज्ञांनी १९३७ साली प्रयोगांनी दाखवून दिले. गडद अंधारातही उंदराच्या अंगची ऊब सापाला या खळग्यांमुळे कळते. सह्याद्रीच्या रानात झाडाझुडपांवर राहणारा चापडा याच कुळातला असून त्यालाही असे खळगे असतात. कॅलिफोर्नियातील बिळांत राहणाऱ्या खारींनी तर या इंद्रियाचाही उपयोग करून घेतला आहे. खुळखुळ्या साप समोर आला म्हणजे खार शेपटी उंच करून हालविते आणि त्याच वेळी शेपटीतील रक्तप्रवाह वाढवून ती तापविते. सापाच्या त्या खळग्यांना समोरचे जनावर मोठे व सावध भासते आणि तो मागे सरतो. विशेष हे, की ज्या सापाला उष्णता जाणण्याचे इंद्रिय नाही त्याच्यापुढे खार शेपटी हालविते खरी, पण तापवीत नाही. २००७ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली तेव्हा तज्ज्ञही चकित झाले.

हे साप शोधावे कसे व कोठे, याचे ज्ञान जमविणाऱ्यांत लॉरेन्स क्लॉबर यांचे नाव अग्रगण्य आहे. ते सान दिएगो शहरातील विद्युत्-अभियंते होते. तेथील प्राणिसंग्रहालयाने १९२३ साली काही साप ओळखण्यासाठी त्यांचे साहाय्य मागितले, आणि त्या निमित्ताने लागलेला छंद पुढे आयुष्यभर टिकला. १९५६ साली त्यांनी खुळखुळ्या सापांवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही या विषयाचा अभ्यासक तो प्रथम हाती घेतो.

साप पाहावयाचा तर त्याची दिनचर्या ठाऊक हवी. थंड प्रदेशांत हिवाळ्यात अनेक साप एकाच खडकाळ विवरात एकत्र राहतात. वसंत ऋतूत ते बाहेर येऊन तोंडाशीच उन्हात पडून असतात. भर उन्हाळ्यात दिवसा ते दडून बसतात आणि रात्री हिंडतात. रानातील काही जाती आडव्या पडलेल्या ओंडक्याला हनुवटी टेकून, त्यावरून धावणाऱ्या उंदराची तासन्‌तास वाट पाहतात. म्हणून जाणता मनुष्य ओंडका एकदम ओलांडीत नाही; आधी त्यावर उभा राहून पलीकडे पाहतो. जेथे दृष्टी पोहोचत नाही तेथे हात किंवा पाय घालावयाचा नाही, कानांत काही घालून चालावयाचे नाही आणि पायवाट सोडावयाची नाही, हे तेथील उद्यानांत मुलांनाही शिकविले जाते. दुर्बीण असली म्हणजे दुरूनही सारे स्वच्छ दिसते. कोलोरॅडो संस्थानात एका विवरापाशी अभ्यासकांनी २०२४ साली कॅमेरा बसविला. त्यातून शेकडो साप, त्यांच्या गर्भार माद्या आणि पिलांना पहिली कात टाकीपर्यंत जवळ घेऊन बसलेल्या माता जगभरच्या लोकांना घरबसल्या पाहता आल्या. ती जागा नेमकी कोठे आहे, हे मात्र गुप्त ठेवले आहे.

आता सापाला हाताळण्याविषयी. राष्ट्रीय उद्यानांत वन्य प्राण्याला पकडणे अगर छळणे हा गुन्हा आहे, आणि तो नियम सापालाही लागू आहे. साप आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत झेप घेऊ शकतो. म्हणून दोन मीटरांचे अंतर राखून स्तब्ध व्हावे आणि सावकाश मागे सरावे, हे पाहणाऱ्याचे काम. घराच्या अंगणात साप शिरला तर काही गावांत अग्निशामक दलाचे लोक, एरवी शिकलेले सर्पतज्ज्ञ बोलाविले जातात. तेही सापाला हात लावीत नाहीत. लांब दांड्याच्या आकड्याने ते त्याला अलगद उचलतात व झाकणाच्या बादलीत सोडतात. अभ्यासासाठी मोजमाप घ्यावयाचे झाल्यास सापाला पारदर्शक नळीत शिरू देतात. डोके व धडाचा पुढील भाग नळीत गेला की मागचा भाग निर्धास्तपणे तपासता येतो. मेलेला सापही ते हाती घेत नाहीत, कारण तोडलेले डोकेसुद्धा काही काळ चावू शकते. पकडलेला साप दूर नेऊन सोडला म्हणजे दया केली, असेही नाही. आपले विवर व ओळखीच्या वाटा हरवलेला साप भटकत राहतो. पेनसिल्व्हेनियात झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सापांतील मृत्यूचे प्रमाण तेथील रहिवासी सापांपेक्षा पुष्कळ अधिक आढळले. म्हणून त्यांना जवळच्याच सुरक्षित जागी सोडणे हितावह ठरते.

सर्वत्र एवढी समज आहे असे नाही. टेक्सासमधील स्वीटवॉटर गावी १९५८ पासून हजारो साप पकडून मारण्याची जत्रा भरत आली आहे. उलट जॉर्जिया संस्थानातील क्लॅक्सटन गावाने २०१२ पासून अशाच जत्रेत साप पकडणे बंद केले व तिला वन्य प्राण्यांच्या उत्सवाचे रूप दिले.

अमेरिकेत दरवर्षी सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात, पण मरण पावतात ते सुमारे पाच. हातावरील दंशांपैकी पुष्कळ दंश साप मुद्दाम हाताळू पाहणाऱ्यांनाच झालेले असतात. दंश झाल्यावर जखम कापीत नाहीत, विष चोखीत नाहीत, घट्ट दोरी आवळीत नाहीत. बोटातील अंगठी काढतात, रोग्याला शांत ठेवतात आणि तडक रुग्णालयात नेतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. रुग्णालय दूर असणे, आणि मांत्रिकाकडे वेळ दवडणे, ही त्याची मोठी कारणे होत. विषावरचा खरा उतारा म्हणजे प्रतिविष. घोड्याला किंवा मेंढीला विषाची अल्प मात्रा टोचीत गेले, की त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते. त्यापासून औषध करतात. मात्र ज्या सापाचे विष वापरले, त्याच्याच दंशावर ते नीट चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होत आलेले औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांसाठी आहे. ते खुळखुळ्या सापाच्या दंशावर उपयोगी नाही. आणि त्याचा सह्याद्रीतला भाईबंद जो चापडा, त्याच्या दंशासाठी खास बनविलेले प्रतिविष भारतात अद्याप उपलब्ध नाही.