रत्नागिरीत मुक्काम कोठे करावा

रत्नागिरी हे शहर बहुसंख्य पर्यटकांच्या वाट्याला अर्ध्या दिवसापुरतेच येते, कारण कोकण रेल्वेने किंवा एसटीने तेथे उतरायचे, वाहन ठरवून गणपतीपुळे गाठायचे आणि परतीच्या दिवशी गाडीला वेळ उरला तर थिबा राजवाडा ‘करून’ टाकायचा, असा सहलीचा एक ठरीव साचा गेल्या काही दशकांत तयार झाला आहे. गणपतीपुळ्याचे देवस्थान आणि किनारा यांचे महत्त्व निर्विवाद असले, तरी या साच्यात आधी खोली ठरते आणि पाहण्याच्या जागा तिच्या सोयीने निवडल्या जातात. रत्नागिरीच्या बाबतीत हा क्रम उलटा असावा, कारण या शहराची रचनाच अशी आहे की मुक्कामाची जागा बदलली की दिसणारे गावही बदलते.

शहराची घडण जांभ्याने ठरवली आहे. जांभा म्हणजे लोहाचे प्रमाण अधिक असलेला, तांबूस आणि सच्छिद्र खडक, आणि त्याच्या उघड्या, सपाट पठाराला कोकणात सडा म्हणतात. रेल्वे स्थानक वरच्या सपाटीवर, कुवारबावच्या बाजूला, बाजारपेठेपासून काही किलोमीटर अंतरावर आहे. तेथून रस्ता मारुती मंदिर आणि जयस्तंभ या भागांतून उतरत समुद्राकडे जातो. पश्चिमेला मांडवीचा किनारा, उत्तरेला मिऱ्या आणि दक्षिणेला काजळी नदीची भाट्ये खाडी, अशा सीमांमध्ये जुने गाव वसलेले आहे. स्थानकालगतची खोली पहाटेची गाडी पकडण्यास उत्तम असली, तरी तेथे राहणाऱ्याला समुद्र दिसत नाही आणि प्रत्येक फेरीला रिक्षा करावी लागते.

पायी हिंडून गाव समजून घेऊ इच्छिणाऱ्याने एसटी स्थानक ते जयस्तंभ या पट्ट्यात राहणे शहाणपणाचे ठरते, कारण लॉज, खानावळी आणि बाजार जवळ असून टिळक आळी व पतितपावन मंदिर चालत गाठता येते आणि ग्रामीण भागात जाणाऱ्या गाड्यांचे रहाटाघर स्थानकही फार दूर पडत नाही. मांडवीजवळ राहणाऱ्याला संध्याकाळचा समुद्र आयता मिळतो. तेथील वाळू काळसर असल्याने या बाजूला काळा समुद्र आणि मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र अशी नावे स्थानिकांच्या तोंडी आहेत. भाट्ये पुलापलीकडे आहे. तेथे मोकळा किनारा आणि सुरूचे बन असले, तरी स्वतःचे वाहन नसलेल्यांची रात्रीच्या जेवणासाठी शहरात येताना अडचण होऊ शकते. याखेरीज घरगुती मुक्कामाचा पर्याय आहे. त्यात शासनाच्या निवास व न्याहारी योजनेतील, म्हणजे मालकाने आपल्याच घरातील काही खोल्या पाहुण्यांना देण्याची सोय केलेली, घरे मोडतात. अशा घरी जेवणार असल्यास मासळी हवी की शाकाहारी ताट, मोदक हवेत की नकोत, हे आदल्या दिवशीच सांगावे लागते, कारण स्वयंपाक मोजक्या माणसांपुरता असतो आणि मासळी सकाळच्या बाजारातून आणली जाते.

शहराची खरी श्रीमंती मात्र एका विचित्र योगायोगात आहे. तेथील दोन महत्त्वाच्या वास्तू ज्यांच्यामुळे उभ्या राहिल्या, त्या दोघांनीही येथील मुक्काम स्वेच्छेने निवडलेला नव्हता. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर, नोव्हेंबर १८८५ मध्ये, ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला मंडालेहून हलवून प्रथम मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. सह्याद्रीच्या पायथ्यापलीकडचे, रेल्वे नसलेले आणि पावसाळ्यात बोटवाहतूक थांबली की उर्वरित मुलखापासून तुटणारे हे गाव पदच्युत राजाला ठेवण्यास सोयीचे होते. खाडीवरील उंच जागी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजाचे निधन झाल्याने त्याला त्यात जेमतेम सहा वर्षे राहता आले. राणी सुपायालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच आहे आणि २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी तेथे येऊन तिचे दर्शन घेतले होते. उतरती छपरे आणि अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या असलेल्या या वास्तूत आता शासनाचे संग्रहालय आहे. सरकारी संग्रहालये सहसा सोमवारी बंद असतात, म्हणून वार पाहूनच बेत आखावा, आणि जवळच्या थिबा पॉइंटवरून खाडी, पूल आणि समुद्र एकत्र दिसत असल्याने राजवाड्याची भेट दुपारनंतरची ठेवावी.

दुसरे सक्तीचे रहिवासी म्हणजे विनायक दामोदर सावरकर. १९२४ ते १९३७ या काळात ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते, म्हणजे जिल्हा सोडून जाण्याची आणि राजकारणात भाग घेण्याची त्यांना मनाई होती. याच काळात त्यांच्या पुढाकाराने आणि भागोजी कीर यांच्या आर्थिक साहाय्याने १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले, जे सर्व जातींच्या हिंदूंना खुले होते. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ मध्ये ज्या घरात झाला, ते टिळक आळीतील जांभ्याचे घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. हे मंदिर आणि ते घर मिळून एक सकाळ पुरते.

रत्नदुर्ग किल्ला, त्यावरील भगवती मंदिर, दीपगृह, खालचे मिरकरवाडा मासेमारी बंदर आणि सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय हे सारे एकाच बाजूला असल्याने दुसरा अर्धा दिवस त्यांना द्यावा. मुले बरोबर असतील तर सुरुवात मत्स्यालयाने करणे बरे.

शहराबाहेरच्या जागा दोन दिशांना विभागलेल्या आहेत आणि त्या एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. उत्तरेला आरे-वारेच्या किनारी रस्त्याने सुमारे २५ किलोमीटरवर गणपतीपुळे आणि पुढे कवी केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड लागते. दक्षिणेला पावस येथे स्वामी स्वरूपानंदांची समाधी, त्यापुढे पूर्णगड आणि राजापूर तालुक्यातील कशेळी आहे. कशेळीचे कनकादित्य मंदिर सूर्याचे आहे आणि तेथील सड्यावर हत्तीचे भव्य कातळशिल्प आहे. कातळशिल्प म्हणजे जमिनीलगतच्या उघड्या खडकात रेषा खोदून काढलेली प्राचीन आकृती. कशेळीसह उक्षी, जांभरूण, बारसू आदी ठिकाणच्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. तिरप्या उन्हात या रेषा अधिक ठळक दिसतात, म्हणून सकाळी लवकर जावे.

ऋतूचा विचार शेवटी करण्याची चूक महागात पडते. जून ते सप्टेंबर कोकण हिरवे असते, पण समुद्रात उतरणे जिवावर बेतू शकते आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ताज्या समुद्री मासळीची अपेक्षा ठेवू नये. हापूससाठी एप्रिल-मे योग्य असला, तरी तेव्हा सड्यावरचे ऊन असह्य होते. गणेशोत्सवात चाकरमानी गावी येतात आणि गाड्यांची आरक्षणे खुली होताच संपतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा असून त्यातही नाताळचा आठवडा टाळलेला बरा. दोनच रात्री हाताशी असतील, तर दोन्ही शहरात काढाव्यात आणि गणपतीपुळ्याला सकाळी जाऊन दुपारपर्यंत परतावे. तिसरी रात्र मिळाली, तरच किनाऱ्यावरच्या खोलीचा विचार करावा.